११ वर्षांच्या लेकीची वाहक चाचणी आत्ता करावी का?

शेवंती
सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते. आज लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की कुणीतरी उठून आत जातं.

मला दोन मुलं. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ११ची. मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू हळूहळू निकामी होणारा आनुवंशिक आजार. साडेचार वर्षांचा होता तेव्हा जिना चढताना गुडघ्यावर हात दाबायचा. जमिनीवरून उठताना आधी ओणवा व्हायचा, मग मांड्यांवर एकेक हात टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. पोटऱ्या भरलेल्या आणि टणक, त्यामुळे सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, हा पैलवान होणार. स्नायू झिजले की रक्तात वाढणाऱ्या सीपीकेचा आकडा १८ हजारांच्या पुढे आला, तेव्हा डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. मग जनुकातले गहाळ भाग शोधणारी एमएलपीए चाचणी झाली. डिस्ट्रॉफिन जनुकातले ४५ ते ५० हे एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, नाहीतच, असं निघालं. त्यानंतर माझं रक्त तपासलं. मी वाहक. म्हणजे दोष माझ्यात आहे, आजार मला नाही.

११व्या वर्षी त्याचं चालणं थांबलं. आता चाकाची खुर्ची, रोजची स्टिरॉइडची गोळी, ठरलेल्या वेळी हृदयाचं इको, संध्याकाळी फिजिओथेरपी. हे सगळं आमच्या अंगवळणी पडलंय. प्रश्न मुलीचा आहे.

ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. नवरा म्हणतो, एकदा करून टाकू, डोक्यातलं भूत जाईल. सासूबाई म्हणतात, करायची तर करा पण कुठे वाच्यता नको, उद्या पोरीला स्थळं बघायची आहेत. माझ्या धाकट्या बहिणीने लग्नाआधी स्वतःची चाचणी केली, ती वाहक नाही. ती म्हणते, "ताई, कशाची वाट बघतेस?" एका प्रयोगशाळेत फोन केला, तर तिथल्या माणसाने सांगितलं की भावातला दोष माहीत असल्याने काम सोपं आहे, रक्त द्या, ३ आठवड्यांत रिपोर्ट. मुलीचं वय किती, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

आणि मला नको वाटतंय. का, ते धड सांगता येत नाही. माझा स्वतःचा रिपोर्ट आला ते दिवस आठवतात. कागदावर एक ओळ होती. त्यानंतर महिनाभर मी मुलाला आंघोळ घालताना त्याला सॉरी म्हणायचे. त्याला वाटायचं, साबण डोळ्यात गेला म्हणून म्हणतेय.

ज्यांनी आपल्या मुलांच्या अशा चाचण्या केल्या, किंवा ठरवून केल्या नाहीत, त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:५२

शेवंतीताई, मी सरळ सांगतो. करून घ्या.

माझे वडील ४१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, काका ४४व्या वर्षी. घरात सगळे म्हणायचे, आमच्या घराण्याला आयुष्यच कमी. मला पस्तिशीत स्टेंट पडला, तेव्हा कळलं की आनुवंशिक कोलेस्टेरॉल आहे. साधारण २५० माणसांत एकाला असतं म्हणे. डॉक्टरांनी मुलाचं रक्त तपासायला सांगितलं, तर ९व्या वर्षी त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २३४. बायको रडली. आई म्हणाली, एवढ्या लहान पोराच्या डोक्याला कशाला ताप? पण १०व्या वर्षापासून त्याला गोळी सुरू आहे, आता १३चा आहे, एलडीएल ११०च्या आत. वडिलांच्या लहानपणी हे कुणाला कळलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कळणं वाईट नसतं. न कळण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

जनुकसंवाद
मंगळवार, सकाळी ७:३०

मी पुण्यात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. शेवंती, तुमच्या मुलीबद्दलचा निर्णय इथे कुणी देऊ शकत नाही. पण तुम्हाला जे नको वाटतंय, त्यामागे ठोस कारण आहे, ते सांगते.

आमच्याकडे आईवडील मुलाला घेऊन येतात, तेव्हा मी आधी हे विचारते की उत्तर 'आहे' असं आलं, तर मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आपण काय वेगळं करू? गोदाकाठ यांच्या घरात याचं उत्तर स्पष्ट होतं. गोळी. शिवाय तिथे आधी जनुकाची चाचणीही लागत नाही, साध्या लिपिड प्रोफाइलवर समजतं. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचं तसंच, तिथे जन्मल्याबरोबर तपासायला हवं. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे गाठी, होणारा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात १०-१२व्या वर्षापासून दुर्बिणीने तपासणी सुरू करावी लागते, म्हणून चाचणीही त्याच वयात करतात. अशा ठिकाणी आईवडील कचरले, तर मी स्वतः आग्रह धरते.

तुमच्या मुलीचं तसं नाही. ती वाहक असेल, तरी आज तिच्यासाठी कुठलंही औषध नाही, पथ्य नाही. मोठेपणी दोन गोष्टी लागतात. एक, मूल होऊ देण्याआधीचा विचार. दुसरी फार जण विसरतात: वाहक स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तरुणपणी एकदा इको आणि ईसीजी, आणि ते ठीक असले तरी पुढे ३ ते ५ वर्षांनी पुन्हा. (शेवंती, तुमचं स्वतःचं इको झालं आहे का? मुलाच्या फाईलमध्ये आईचं इको राहून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय.)

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१३ साली एकत्र भूमिका मांडली. लहानपणी आरोग्याला फायदा नसेल, तर मुलांची वाहक चाचणी सरसकट करू नये, आणि मोठेपणी होणाऱ्या आजारांची भाकितं करणाऱ्या चाचण्याही शक्यतो पुढे ढकलाव्यात. आम्हीही साधारण तेच धरून चालतो. एक अपवाद नीट लक्षात ठेवा. मुलीचे पाय दुखत असतील, जिना चढताना ती थकत असेल, तर लगेच दाखवा. काही वाहक मुलींना स्नायूंचा त्रास होतो. तेव्हाची चाचणी निदानासाठी असते, तिथे वयाची अट नाही.

आता उलट बाजू. बॉस्टनमध्ये नवजात बाळांच्या जनुकसंचाचा अभ्यास झाला, बेबीसेक नावाचा. फक्त बालपणी होणारे आजार कळवायचे असं आधी ठरलं होतं. मग एका बाळात बीआरसीए२ या जनुकातला दोष सापडला. म्हणजे बाळाच्या आईला किंवा वडिलांना कर्करोगाचा धोका असणार, आणि त्यांना त्याची कल्पना नाही. संशोधकांनी नियम बदलला. आईवडिलांचा जीव वाचणं हाही बाळाचा फायदाच, असा तो विचार होता. मला तो पटतो. त्यामुळे 'मुलांची चाचणी कधीच नको' असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात मात्र आईला तिचं उत्तर आधीच माहीत आहे.

उजेड
मंगळवार, सकाळी ९:०५

वर रेटिनोब्लास्टोमाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मला स्वतःला दोन्ही डोळ्यांत होता. डावा डोळा दीड वर्षाचा असताना काढला, उजव्याने दिसतं. आरबी१ जनुकातला माझा दोष आधीच शोधून ठेवला होता. मुलगी झाली तेव्हा तिच्या रक्ताचा नमुना पहिल्याच आठवड्यात पाठवला. आला, तिच्यातही आहे. त्यानंतर दर काही आठवड्यांनी तिला भूल देऊन डोळे तपासायचे. पाचव्या तपासणीला अगदी बारीक गाठ दिसली. लेसर झालं. आज ती दुसरीत आहे आणि फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचते.

माझ्या आईवडिलांना माझा आजार फोटोतल्या पांढऱ्या बुबुळावरून कळला होता. तोवर उशीर झाला होता.

पण ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे, हे जनुकसंवाद यांचं म्हणणं बरोबर वाटतं. आम्हाला थांबायला वेळच नव्हता. तुम्हाला आहे.

झाडीपट्टी
मंगळवार, दुपारी ४:४०

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे मुलांच्या चाचण्यांचा अनुभव घराघरात आहे, फक्त त्याला कुणी जनुकीय चाचणी म्हणत नाही. म्हणतात, सिकलसेलचं रक्त. (सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार.)

शाळेत आरोग्य खात्याची माणसं येतात. बोटाला टोचून थेंब घेतात, सोल्युबिलिटी चाचणी करतात. द्रावण गढूळ झालं की पुढच्या तपासणीला नमुना जातो. मग निदान येतं, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. वाहकाला पिवळं कार्ड, ग्रस्ताला लाल. जुलै २०२३ मध्ये केंद्राची मोहीम सुरू झाली, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. काम चांगलं आहे, मी स्वतः मुलांना रांगेत उभं करते. ज्या पोराला लाल कार्ड आहे त्याला फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया मिळतं, ताप आला की आम्ही थांबत नाही, भर उन्हात कवायतीला उभं करत नाही. आधी अशी पोरं 'अंगचोर' म्हणून मार खायची. त्यांच्यासाठी लवकर कळणं हेच औषध आहे.

पिवळ्या कार्डाचं मात्र मला कोडं पडतं. सातवीतल्या एका मुलीचं कार्ड आलं. तिची आजी शाळेत आली आणि म्हणाली, "पोरीले काई होत नाई म्हनता, मंग कार्ड कायले देल्लं?" मी समजावलं, की हिला काही होणार नाही, फक्त लग्न करताना मुलगाही वाहक नाही ना, ते पाहायचं. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल ग्रस्त होण्याची शक्यता. आजीने मान डोलावली. घरी गेल्यावर कार्ड ट्रंकेत कुलूपबंद. चार वर्षांनी त्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या हातात ते कार्ड नव्हतं, आणि गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की हिच्या रक्तात 'काहीतरी' आहे. पहिली सोयरीक त्यावरून मोडली. दुसऱ्या मुलाचं रक्त तपासायचं कुणी नावच काढलं नाही, कारण विषय काढला तर हीपण मोडेल.

चाचणी झाली होती. कार्डही होतं. ज्या एका कामासाठी ते दिलं, तेच काम झालं नाही. त्यानंतर मी आठवी ते दहावीच्या मुलामुलींना स्वतः बसवून शिकवते. फळ्यावर चार चौकोन काढते, एका चौकोनात लाल खडू. कार्ड ज्याचं त्याने स्वतः वाचायचं. शेवंतीताई, मुलगी स्वतः वाचेल आणि समजेल, तेव्हाच कागद घरात आणा.

हडसनपार
मंगळवार, रात्री ८:१५ (इथे सकाळ)

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे उलटी घाई दिसते. सणाला नातेवाइकांना थुंकीच्या चाचणीचे संच भेट देतात. आमच्या ओळखीच्या एका मराठी घराने ८ वर्षांच्या मुलाची 'कुठला खेळ जमेल' ही चाचणी केली, त्यात एसीटीएन३ या एका जनुकावरून तो धावपटू होणार की नाही ते लिहून आलं. मुलाने त्यानंतर फुटबॉल सोडला. ८ वर्षांचं मूल, आणि एका जनुकावरून. मला फार वाईट वाटलं.

माझ्या नवऱ्याने स्वतःची २३अँडमी चाचणी केली होती, मुलांचीही करायची होती. मी अडून बसले. २०२३ मध्ये त्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा नवरा रात्री जागून आपली माहिती पुसत बसला होता. मोठ्या माणसाने स्वतःपुरती जोखीम घेतली, ते वेगळं. मुलांच्या वतीने ती घेता येत नाही, कारण ती माहिती त्यांच्या ७०-८० वर्षांना चिकटते.

पण मी चाचणीच्या विरोधात नाही. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी न्यूयॉर्कमधल्या गार्डियन नावाच्या अभ्यासात नाव घातलं. बाळाच्या टाचेतून रक्त तसंही घेतातच, त्याच वाळलेल्या थेंबावरून जास्तीचे आजार तपासतात, पण लहानपणी सुरू होणारे आणि ज्यांवर काही करता येतं असेच. त्यांच्या पहिल्या ४००० बाळांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. विचारलेल्यांपैकी ७२ टक्के आईवडिलांनी होकार दिला होता. सापडलेल्यांत सगळ्यात जास्त बाळं जी६पीडी या, रक्ताच्या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमच्या कमतरतेची होती. आपल्याकडे हा दोष पारशी समाजात बराच आढळतो. डांबराच्या गोळ्या आणि मलेरियाचं प्रायमाक्विन टाळायचं, इतकं सोपं पथ्य, आणि ते माहीत नसेल तर कावीळ होऊन बाळ अत्यवस्थ. अशी माहिती मला कुणीही, कधीही द्यावी. (गोव्याने २००८ मध्येच सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. त्या वेळी माझी वहिनी तिथे बाळंत झाली होती, म्हणून ठाऊक.)

गोदाकाठ
मंगळवार, रात्री ९:२०

सगळं वाचलं. तरी एक विचारतो. १८व्या वर्षी सांगायचं आणि तिचं १९व्या वर्षी कुणावर मन बसलेलं असलं, तर? आधी कळलं तर मनाची तयारी होते. आणि विम्याचं काय, रिपोर्ट असला तर विमा नाकारतात का?

ठाणे_वकिली
मंगळवार, रात्री १०:०२

विम्यापुरतं सांगते. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या प्रकरणात, 'जनुकीय आजार' असा सरसकट शब्द घालून दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं. मार्चमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना आरोग्य विम्याच्या नव्या पॉलिसींतून ते कलम वगळायला सांगितलं. पण जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये यासाठी अमेरिकेत २००८चा जसा वेगळा कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. आणि तिथल्या कायद्यातही जीवन विमा येत नाही. लेकराच्या नावावर कागद तयार करताना हे डोक्यात असू द्या.

मधलं_पान
बुधवार, रात्री १:३५

हे लिहू की नको, असं दोन तास चाललंय.

मी २६ वर्षांची आहे. माझ्या दादाला डुशेन होता. मी २१ वर्षांची असताना तो गेला. मी १० वर्षांची असताना आईबाबांनी माझं रक्त तपासायला नेलं. मला सांगितलं, हिमोग्लोबिन बघायचंय. परत येताना उसाचा रस पाजला. मी विसरून गेले.

बारावीला जीवशास्त्रात आनुवंशिकता होती. हिमोफिलिया, रंगांधळेपणा, वंशावळीच्या आकृत्या. बाईंनी फळ्यावर गोल आणि चौकोन काढले. मी वहीत आमच्या घराची आकृती काढली. आईचा गोल, दादाचा भरलेला चौकोन, आणि माझा गोल. अर्धा रंगवायचा की नाही, ते मला माहीत नव्हतं. घरी कुणाला विचारू? दादा तेव्हा रात्री श्वासाच्या यंत्रावर होता. आईला विचारलं असतं, तर तिला वाटलं असतं मी तिला दोष देतेय.

मी मनाशी धरून चालले की मी वाहक आहे. साडेचार वर्षं. कॉलेजमध्ये एक मुलगा फार आवडायचा, त्यालाही मी आवडायचे. तिसऱ्या वर्षी त्याने विचारलं तेव्हा नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. मूल नको, लग्न नको, असं एक आयुष्य मी आखून ठेवलं होतं.

दादा गेल्यावर त्याची कागदपत्रं आवरत होते. जाड फाईल, त्यात मधेच माझ्या नावाचा एक कागद. वय १० वर्षं. खाली लिहिलं होतं, भावात आढळलेला दोष या नमुन्यात आढळला नाही.

मी वाहक नव्हते. आईबाबांना अकरा वर्षं माहीत होतं. त्यांनी लपवलं असं नाही. रिपोर्ट चांगला आला, त्यांचा जीव हलका झाला, दादाच्या धावपळीत विषय संपला. त्यांच्या लेखी. मी कधी हा प्रश्न स्वतःला विचारेन, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आई तो कागद हातात घेऊन खूप रडली. मी अजून तिच्यावर रागावू शकलेले नाही, आणि राग गेलेलाही नाही.

शेवंतीताई, चाचणी करा किंवा करू नका. पण तिच्याशी बोला. ११ वर्षांची मुलगी तुम्हाला वाटते त्याहून जास्त मोजत असते.

शेवंती
बुधवार, सकाळी ६:१०

मधलं_पान, मी हे स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. पोळ्या तशाच राहिल्या. तुला जवळ घेता आलं असतं तर बरं झालं असतं. थोडा वेळ द्या, मी सावकाश लिहिते.

आबा_मिरज
बुधवार, सकाळी १०:४५

मी ७१ वर्षांचा, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न हा हक्कच समजतात, आणि त्यापायी आजारी मुलं जन्मलेली मी पाहिली आहेत. तुमचा आजार तसा नव्हे, आईकडून मुलाकडे येणारा आहे, हे जनुकसंवाद यांच्या लिहिण्यावरून समजलं. मग मला एक विचारायचं आहे. हा दोष तुमच्यात तुमच्या आईकडून आला असेल, तर आईच्या बहिणी किती? त्यांच्या मुली किती? त्यांना कुणी सांगितलं आहे का? ११ वर्षांच्या मुलीपाशी अजून वर्षं आहेत. ज्या लग्न होऊन बसल्या आहेत त्यांचं काय?

जनुकसंवाद
बुधवार, दुपारी १:२०

आबा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं.

शेवंती, डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये दोष नव्याने तयार झालेला असतो, आई वाहक नसते. तुम्ही आहात. तेव्हा पुढची पायरी तुमच्या आईची चाचणी. आईत सापडला, तर मावश्या आणि त्यांच्या मुली. त्यातली कुणी गरोदर असेल किंवा तयारीत असेल, तर तिला आजच सांगायला हवं. ११व्या आठवड्यानंतर वारेच्या पेशी घेऊन गर्भाची तपासणी होऊ शकते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यातही लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करायला परवानगी आहे. पण त्यासाठी घरातला दोष आधी माहीत असावा लागतो. तुमच्या मुलाचा रिपोर्ट ही त्या सगळ्यांची किल्ली आहे. मुंबईचं केईएम हे राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातलं केंद्र आहे, तिथे विचारू शकता.

शेवंती
रविवार, रात्री १०:३०

चार दिवस काही लिहिलं नाही. बरंच घडलं.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी दादाच्या पायांना तेल लावत होती. ते काम ती मागून घेते. मी शेजारी बसले आणि विचारलं, दादाला हा आजार कसा झाला असं तुला वाटतं? ती लगेच म्हणाली, "तुझ्याकडून आला ना? आजी फोनवर बोलत होती." किती वर्षांपूर्वी ऐकलंय, कोण जाणे. मग तिने विचारलं, "माझ्यात पण आहे का? मी पण चालायची थांबणार?"

हे तिच्या मनात होतं. मी सगळा वेळ लग्नाचा, स्थळांचा, वाहकाचा विचार करत होते आणि ती आपले पाय थांबायची वाट बघत होती.

मी तिला सांगितलं की तिला दादासारखं होणार नाही, ती धावते, उड्या मारते, तिचे पाय चांगले आहेत. वाहक म्हणजे काय, ते झाडीपट्टीताईंच्या चौकोनांसारखं कागदावर काढून दाखवलं. मुलगा १४चा, तोही ऐकत होता. तोच मधे म्हणाला, "म्हणजे टॉस. मम्मी, तिला कधी बघायचं ते तीच ठरवेल ना?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आत्ता नको. बारावीला विचार." मी कॅलेंडरवर लिहू का म्हटलं, तर म्हणाली, "नको, मी लक्षात ठेवेन."

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याने कबूल केलं की त्याला उत्तर हवं होतं ते स्वतःच्या झोपेसाठी. गोदाकाठ, तुमचं म्हणणं त्यानेही वाचलं. त्याला अजून तेच पटतं, पण थांबायला तयार झालाय. मुलीची चाचणी आत्ता करत नाही. तिच्या मनात आलं की कुठल्याही दिवशी विचारू शकते, हे तिला सांगितलंय.

आबा, तुमचा प्रश्न वाचून माझ्या पोटात गोळा आला. तीन मावश्या, पाच मावसबहिणी. नऊ वर्षांत मी एकीलाही स्पष्ट सांगितलेलं नाही. 'स्नायूंचा आजार आहे' इतकंच. लाज होती, आणि सासूबाईंचं 'वाच्यता नको' मला सोयीचंही होतं. शुक्रवारी आईचं रक्त दिलं. शनिवारी सगळ्यात धाकट्या मावसबहिणीला फोन केला, कारण तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालंय. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "ताई, मला सातवा आठवडा आहे. अजून घरात कुणाला सांगितलं नाहीये."

उद्या सकाळच्या गाडीने ती येतेय. मुलाच्या रिपोर्टची प्रत काढून ठेवली आहे. आईच्या रिपोर्टची वाट न बघता तिची चाचणी थेट करता येईल का, जनुकसंवाद, एवढं कृपया आज रात्रीच सांगा.

जनुकसंवाद
रविवार, रात्री १०:५१

हो, थेट करता येते. आईच्या रिपोर्टसाठी अजिबात थांबू नका. मूळ रिपोर्टच्या दोन प्रती घ्या, एक्सॉनचे आकडे दिसतील अशा. तिच्या सोनोग्राफीचा कागद आणि शेवटच्या पाळीची तारीख बरोबर असू द्या. सातवा आठवडा म्हणजे आपल्या हातात वेळ आहे. मी आत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, तो बघा. सकाळी ९ वाजता मी फोनवर असेन.